मेहुण्यांचं एकटं झाड

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून माझ्या मेहुण्यांइतका हट्टी जीव दुसरा नाही, आणि असलाच तर तो माणूस नाही. ते ज्याचे फोटो काढतात ते ऐनाचं झाड आहे. दोघांची ओळख फार जुनी. दोघंही सरळसोट, दोघांचीही साल राठ, आणि वाऱ्याशिवाय दोघांपैकी कुणी हललेलं मी पाहिलेलं नाही. मेहुणे म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले भाऊ. मुरबाडला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, नोकरीच्या अर्जावर चिकटवायचे, आणि माणूस गेल्यावर भिंतीवर लावायचे, असे सगळ्या प्रकारचे चेहरे त्यांनी काढले. त्या भागातल्या अर्ध्याअधिक माणसांना त्यांनी आयुष्यात एकदा तरी "मान जरा खाली, हलू नका" असं दरडावलेलं आहे. अजूनही बाजारात ते समोरून आले की काही म्हातारी माणसं नकळत खांदे सारखे करतात. इतरांची लग्नं काढता काढता त्यांचं स्वतःचं राहून गेलं. पुढं ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला, स्टुडिओत फक्त घाईची गिऱ्हाइकं येऊ लागली, आणि एके दिवशी त्यांनी स्टूल, दिवे आणि पडद्यावरचं काश्मीरचं तळं असं सगळं आवरून शटर खाली ओढलं. त्यानंतर माणसाचा चेहरा म्हणून काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. कारण विचारलं तर म्हणाले, पुष्कळ चेहरे झाले. एखाद्यानं पुष्कळ लाडू झाले म्हणून ताट बाजूला सारावं, तसं.

मग झाड सुरू झालं. मुरबाडहून सिद्धगडाकडे जाताना एका पाड्याच्या वरच्या अंगाला एक माळ लागतो. खाली भातखाचरं, वर मुरमाड उतार आणि मागं डोंगरांची भिंत. त्या उतारावर हे झाड उभं आहे. मेहुणे त्याला 'एकटं झाड' म्हणतात. आता खरं सांगायचं तर ते एकटं नाही. त्याच्या डावीकडं ऐनाचीच आणखी काही झाडं आहेत, फक्त ती दरवर्षी छाटली जाऊन खांबासारखी झालेली. उजवीकडं कोंबड्यांची लांबलचक शेड आहे, तिच्या पलीकडं मोबाइलचा टॉवर आहे, आणि अलीकडं कुणीतरी फार्महाउसच्या प्लॉटांची पाटी ठोकली आहे. पाटीवर निळ्याशार पोहण्याच्या तलावाचं चित्र आहे, आणि माळावर हंडाभर पाणी नाही. या सगळ्यातून झाड एकटं दिसेल अशा जागा पूर्वी पुष्कळ होत्या. शेड आली तशा त्या कमी झाल्या, टॉवर आला तशा आणखी कमी झाल्या, आणि पाटी लागल्यावर साऱ्या माळावर एकच ठिकाण उरलं: बांधाखालचा एक खड्डा. त्यात बसून, मान उजव्या खांद्यावर टाकून, एक डोळा मिटून पाहिलं, की जगात ते झाड आणि सिद्धगड यांखेरीज काही नाही असं वाटतं. मेहुणे तासन्‌तास त्या खड्ड्यात असत. पायवाटेवरून जाणाऱ्याला फक्त त्यांची टोपी दिसे. एकदा सरपण घेऊन परतणाऱ्या बायकांपैकी एकीनं ती टोपी कुणाची तरी पडलेली समजून उचलायला हात घातला, आणि टोपीखालून "उजेडातून बाजूला व्हा" असा आवाज आल्यावर ती मोळी टाकून थेट पाड्यापर्यंत पळाली. तिची मोळी मेहुण्यांनी परत नेऊन दिली नाही. ती चौकटीच्या बाहेर पडली होती, त्यामुळे त्यांना ती दिसली नसावी.

माझी पत्नी त्यांना एकदा म्हणाली होती, "दादा, ते झाड एकटं नाहीये. तू पाडतोस त्याला एकटं." त्यावर ते म्हणाले, "फोटो म्हणजे तेच असतं, बेबी." तिला ते बेबी म्हणत. केस पिकले, गुडघे धरले, शेजारच्या सुना तिला काकू म्हणायला लागल्या, तरी ती बेबीच.

झाडाकडे जाण्याची त्यांची एक रीत होती. कॅमेऱ्याचा स्टँड ते जुन्या चादरीत गुंडाळून, काखेत धरून एस.टी.नं नेत. एका नव्या कंडक्टरनं विचारलं, काका, यात काय आहे? मेहुणे म्हणाले, पाय. कंडक्टर एकदा त्यांच्याकडं आणि एकदा चादरीकडं बघत राहिला. पुढच्या थांब्यापर्यंत त्यांच्या शेजारची जागा रिकामी झाली आणि स्टँड तिच्यावर ऐसपैस आडवा झाला. माळावर पोचलं की आधी उजेडाची वाट बघायची, मग ढगाची सावली सरकण्याची, मग वारा पडण्याची. वारा हा त्यांचा वैरी. हललेला फोटो त्यांना सहन होत नसे. पान जरी पुसट आलं तरी तो फोटो ते तिथल्या तिथं काढून टाकत, आणि चेहरा असा करत की घरात काही अमंगळ घडलं आहे. जनावरांच्या बाबतीत त्यांचे वेगळे नियम होते. शेळ्या चालत. म्हैस चालत नसे. म्हैस सावलीला बसली की झाडाचं वजन कमी होतं, असं त्यांचं मत. एकदा एक म्हैस सकाळीच येऊन झाडाखाली बसली. मेहुणे तिला उठवायला गेले नाहीत. उठवलेल्या म्हशीनं झाडाभोवतीची धूळ उडाली असती. ते वाट बघत बसले. म्हशीला घाई नव्हती, यांनाही नव्हती. दूध काढायची वेळ झाली तेव्हा ती आपणहून उठून गेली, पण तोवर उजेडही गेला होता. त्या संध्याकाळी ते आमच्याकडं जेवायला आले आणि जेवण होईपर्यंत त्या म्हशीबद्दल आदरानं बोलत होते. असं स्वस्थ बसणारं माणूस आपल्याला स्टुडिओत कधी मिळालं नाही, म्हणाले.

मी शहापूरच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्तीच्या आधी एकदा त्यांच्या मागं लागून मी वाचनालयाच्या वरच्या दालनात त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लावलं. सगळ्या भिंतींवर झाड. उन्हातलं, धुक्यातलं, भात कापून झाल्यावरचं, पावसाळी ढगाखालचं. पहिल्याच दिवशी आमचे एक जुने वाचक सबंध दालन सावकाश फिरून आले आणि मेहुण्यांना अदबीनं म्हणाले, सुंदर, पण बाकीचे फोटो कुठं आहेत? मेहुणे म्हणाले, हे बाकीचेच आहेत. आसनगावचा एक नोकरदार तरुण लोकलचा टाइम होईपर्यंत म्हणून आत डोकावला होता. तो म्हणाला, "काका, मस्त आहेत, पण सेम आहेत ना सगळे?" मेहुण्यांनी त्याला खांद्याला धरून दोन फोटोंच्या मधे उभं केलं आणि एका फांदीवरून दुसऱ्या फोटोतल्या त्याच फांदीवर बोट फिरवत समजावून सांगायला सुरुवात केली. त्या मुलाची त्या दिवशीची फास्ट गेली, आणि बहुधा पुढचीही गेली. जाताना मात्र तो मला विचारून गेला, सगळ्या फोटोंत खाली तो लाल डॉट आहे, तो काय आहे?

ती माझी पत्नी. माणसाशिवाय झाडाची उंची कळत नाही, असा मेहुण्यांचा सिद्धांत होता, त्यामुळे बुंध्याजवळ एक माणूस उभं करावं लागे. सुरुवातीला त्यांनी मला उभं करून पाहिलं होतं. बराच वेळ कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाले, जावईबापू, तुम्ही शेजारी उभे राहिलात की झाड कंटाळल्यासारखं दिसतं. मग मी घरी पुस्तकं वाचत राहिलो आणि बेबी जाऊ लागली. तिला उभं राहण्याची सवय लहानपणापासूनची. स्टुडिओच्या सुरुवातीच्या दिवसांत दिव्याची पांढरी छत्री धरायला ती असे. भाऊ लग्नाला गेला की तीही मागून छत्री घेऊन. म्हणजे सगळं आयुष्य ती कॅमेऱ्याच्या शेजारी उभी होती, कधी समोर आली नाही. आता समोर आली, तर पाठ करून. तांबडी साडी नेसायची, बुंध्यापाशी जायचं आणि भावाकडं पाठ करून स्तब्ध उभं राहायचं. तोंड का नको, असं मी एकदा मेहुण्यांना विचारलं. ते म्हणाले, "चेहरा दिसला की बघणारा झाडापर्यंत पोचतच नाही. चेहऱ्यापाशीच थांबतो." मला ते तेव्हा पटलं होतं. पुस्तकात असतं तसं वाक्य होतं ते.

या हट्टाला खरी टक्कर होती ती चांगुणाबाईची. झाड तिच्या जमिनीतलं. आमच्याकडं भाताची रोपं करायची त्या जागेवर पावसाआधी राब भाजतात. शेण, त्यावर झाडाच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि वरून माती असे थर देऊन ते जाळायचे, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमानं येतं. त्याला ऐनासारखं झाड नाही. थंडीत कोयता घेऊन माणूस चढतो आणि खालपासून फांद्या उतरवत जातो. टोकाला तेवढा एक झुबका ठेवतो, झाड जगावं म्हणून. डावीकडची ती खांबासारखी झाडं म्हणजे चांगुणाबाईचे आजवरचे राब. या झाडाची पाळी आली त्या सकाळी मेहुणे खड्ड्यात होते. चांगुणाबाईचा मुलगा कमरेला कोयता लावून बुंध्याशी आलेला पाहताच ते उठले, धावत गेले, आणि आयुष्यात प्रथमच स्वतःच्या चौकटीत शिरले. पुढं बराच वेळ वाद झाला. त्यातून असं ठरलं की दरवर्षी पौषात मेहुण्यांनी पोत्यांनी पाला आणून द्यायचा आणि चांगुणाबाईनं हे झाड सोडून द्यायचं. "झाड माजं, राब माजा, आन् वर तुमीच मला पाला देनार," ती म्हणाली. "येडं मानूस दिसतंय. पन बरं हाय."

तेव्हापासून आमच्या शहापूरच्या घराचं अंगण हे मेहुण्यांचं कोठार झालं. परसात एक आंबा आणि एक फणस. दिवाळी झाली की माझी पत्नी रोज झाडून पाला पोत्यात भरायची, तोंड जुन्या साडीच्या काठानं बांधायची आणि मागच्या पडवीत रचून ठेवायची. वाटेत दुसऱ्यांच्या कुंपणाबाहेर पडलेला पालाही ती उचलून आणी. वाशिंदला बहिणीकडं गेली तरी येताना पिशवीत पाला. पौषात मेहुणे ओळखीचा भाजीचा टेंपो घेऊन येत. किन्हवली, सरळगाव, मुरबाड करत ती वरात निघे: पुढं ड्रायव्हरजवळ तांबडी साडी नेसलेली बेबी, मागं पोत्यांच्या ढिगावर कॅमेरा मांडीत घेऊन मेहुणे. तिकडं चांगुणाबाई प्रत्येक पोत्यात हात घालून पाला नाकाशी नेई. आंब्याचा तिला बरा वाटे. फणसाचा नुसता धुरावतो, अशी तिची दरवर्षीची तक्रार. एका पोत्यात बिस्किटाचा कागद निघाला, तर तो तिनं मेहुण्यांच्या हातात ठेवून म्हटलं, याचं रोप काय येतंय ते सांगा मला. पाला मोजूनमापून घेतला तरी ती तिथून हलत नसे. झाडापाशी ही माणसं नक्की काय करतात, याचा तिला शेवटपर्यंत संशय होता. मेहुण्यांना ती फोटोत नको होती, तिला झाड सोडायचं नव्हतं. शेवटी तोडगा निघाला की तिनं बुंध्याच्या मागं, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी बसायचं. म्हणजे प्रदर्शनातल्या त्या सगळ्या एकट्या झाडांच्या पुढं एक बाई पाठ करून उभी होती आणि मागं एक बाई तंबाखू मळत बसलेली होती. मला हे पत्नीनं जेवताना सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही खूप हसलो होतो.

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. आजार मोठा नव्हता, दिवस थोडे होते. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे करण्याचं जे काही होतं ते मेहुण्यांनी आणि मी मिळून केलं, म्हणजे फारसं न बोलता केलं. तेराव्याला भिंतीवर फोटो लावायचा, तर फोटो नव्हता. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही. ज्या घरात फोटोग्राफर आहे तिथं बाकी कुणी कॅमेरा हातात घेत नाही. प्रत्येक कार्यात 'दादा आहे ना' म्हणून सगळे निर्धास्त, आणि दादाच्या शेजारी छत्री धरून बेबी. लग्नाच्या अल्बममध्ये मुंडावळ्यांच्या आड एक लहानशी मुलगी होती, ती माझ्याही ओळखीची राहिलेली नव्हती. आधार कार्डावर जो चेहरा होता तो कुणाचाच नव्हता. तिच्या मोबाइलमध्ये फोटो पुष्कळ निघाले: जास्वंदीचे, वाळत घातलेल्या पापडांचे, आणि पुस्तक छातीवर घेऊन झोपलेल्या माझे. मेहुणे म्हणाले, मी बघतो. आपल्याकडचं सगळं धुंडाळायला ते मुरबाडला जाऊन बसले. तांबडा ठिपका मोठा करून पाहिला, आणखी मोठा करून पाहिला. मोठा केला की फोटो फुटतो. साडी सुटी सुटी होऊन तिचे नुसते चौकोन उरतात. आणि मोठा होऊनही ती पाठच होती.

तेराव्याच्या सकाळी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम घेऊन आले. कागद काढला. झाड होतं. मागं सिद्धगड, वर स्वच्छ आकाश, झाडाचं पान न् पान शाबूत, आणि बुंध्याशी तो ठिपका. मी खिळा ठोकला. कुणीतरी हार घातला, तर त्याचं टोक नेमकं ठिपक्यावर आलं आणि भिंतीवर नुसतंच झाड उरलं. मेहुणे स्टुलावर चढले आणि हाराला मागून एक गाठ मारून तो आखूड केला. वाशिंदहून आलेले एक दूरचे नातेवाईक फोटोला नमस्कार करायला पुढं झाले, थबकले, आणि हळूच मला म्हणाले, वहिनी कुठं आहेत यात? मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या जागेला नमस्कार केला. एरवी अशा प्रसंगावर मेहुणे महिनाभर बोलले असते. त्या दिवशी ते पानावरून लवकर उठले आणि परसात आंब्याखाली, वाळक्या पाल्यात, पाय न हलवता उभे राहिले.

पौष आला आणि गेला. अंगण मी झाडलं नाही, आणि झाडायला हवं आहे असं मला कुणी सांगितलं नाही. मेहुणे रविवारी येत, चहा घेत, भिंतीवरची फ्रेम सरळ असली तरी सरळ करत आणि शेवटच्या एस.टी.नं परत जात. झाडाचा विषय निघत नसे. फाल्गुन लागल्यावर एकदा मी मागच्या पडवीत कंदील शोधायला गेलो, तर कोपऱ्यात पोती. आजारी पडण्याआधी तिनं भरून ठेवलेली. तोंडं हिरव्या काठानं बांधलेली, गाठ तिची, दोनदा फिरवून आत खोचलेली. मी मेहुण्यांना फोन केला आणि एवढंच म्हटलं की पोती आहेत. ते म्हणाले, उद्या टेंपो घेऊन येतो.

पुढं ड्रायव्हरजवळ या वेळी मी बसलो. माळाखाली टेंपो थांबला, आम्ही उतरलो आणि मला झाड दिसलं नाही. आपण चुकीच्या माळावर आलो असं मला वाटलं. कोंबड्यांची शेड होती, टॉवर होता, पाटीवरचं निळं पाणी होतं, आणि छाटलेल्या ऐनांच्या रांगेत एक खांब वाढला होता. तो बाकीच्यांपेक्षा उंच होता आणि त्याचे घाव ताजे होते, एवढंच. मी मेहुण्यांकडं बघितलं नाही. एक पान पुसट आलं तर ज्यांना घरात काही घडल्यासारखं वाटे, त्या माणसाकडं अशा वेळी बघू नये. त्यांनी कॅमेऱ्याची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि चढायला लागले.

चांगुणाबाई खालून आम्हाला बघून मागोमाग वर आली. दम खाऊन म्हणाली, "लय वाट बगितली तुमची. पौष गेला, माघ गेला. पोरगा बोलला, आये, आता काय ते फोटूवाले येत नाय, राब कशानं भाजायचा? मंग घातला कोयता." मग ती वर बोट करून म्हणाली, "शेंडा ठेवलाय बगा. तुमचं झाड म्हनून जास्ती ठेवलाय. ऐन हाय तो, फुटंल." मग तिनं आमच्या मागं, टेंपोकडं पाहिलं. "आन् बाय? बाय नाय आली?"

मी तोंड उघडलं, पण मेहुणेच म्हणाले, "बाय गेली, चांगुणाबाई. मार्गशीर्षात."

ती बुंध्याला वळसा घालून आपल्या नेहमीच्या जागी, मागच्या बाजूला जाऊन बसली. आम्ही दोघं इकडं, ती तिकडं, मधे तो खांब. तिथूनच ती बोलायला लागली, जणू आमच्याशी नाही.

"माज्याकडं त्वांड करून उबी राहायची. तुमी तिकडं खड्ड्यात. बोलायची, दादाचं काय होत नाय अजून, आन् माजे पाय गेले. तुमी तिकडून वरडलात, हलू नको, का हिला हसू. पदर त्वांडात घालून हसायची. मी बोलायची, गप गो, तुजा दादा येल आता. मंग आनखी."

मेहुणे बुंध्याच्या पलीकडं गेले. तिच्यासमोर ते थांबले. "ती कधी हलली नाही," ते म्हणाले. "एकाही फोटोत हललेली नाही."

"पाठ नाय हलायची तिची," चांगुणाबाई म्हणाली. "प्वाट हलायचं."

मी पोती उतरवायला म्हणून टेंपोकडं गेलो. ड्रायव्हरनं आणि मी ती एकेक करून वर आणली आणि झाडाखाली ठेवली. या वेळी चांगुणाबाईनं एकाही पोत्यात हात घातला नाही. नुसता गाठीवरून हात फिरवला आणि फणसाबद्दल काही बोलली नाही. तोवर मेहुण्यांनी स्टँडवरची चादर सोडली होती. मला वाटलं ते खड्ड्याकडं जातील. ते गेले नाहीत. मोकळ्यावरच, जिथं कुणीही उभं राहील तिथं, त्यांनी स्टँडचे पाय रोवले. "उभे राहा, जावईबापू," म्हणाले. माझ्यामुळे झाड कंटाळल्यासारखं दिसतं हे मला आठवत होतं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती. मी बुंध्याशी गेलो आणि रीत माहीत असल्यामुळे त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिलो. समोर चांगुणाबाई बसली होती. ती माझ्याकडं बघत होती. इतकी वर्षं त्या जागेवरून काय दिसत असेल, ते मी बघायचा प्रयत्न केला.

"तसं नको," मागून मेहुण्यांचा आवाज आला. "इकडं बघा."

तो फोटो आता माझ्या टेबलावर आहे. मेहुण्यांच्या हिशेबानं त्यात सगळं चुकलेलं आहे. ते इतके जवळ आले होते की चांगुणाबाईनं मुद्दाम राखलेला शेंडा वरती कापला गेला आहे. माझ्या कानामागून टॉवर उगवला आहे. बुंध्याच्या एका कडेनं चांगुणाबाईचं कोपर बाहेर आलं आहे, पायाशी हिरव्या काठानं बांधलेली पोती आहेत, आणि सिद्धगड कुठंच नाही. झाड असं त्या फोटोत फारसं नाहीच. एका म्हाताऱ्या माणसाचा चेहरा आहे, आणि बघणारा तिथंच थांबतो. त्याच्या वर, भिंतीवर, हारामध्ये ती आहे. ती तिकडं तोंड करून, मी इकडं तोंड करून, आणि आधाराला झाड एकच.

मेहुणे अजून रविवारी येतात. पण चहा थंड होईपर्यंत ते आता भिंतीजवळ असतात, चष्मा कपाळावर चढवून, नाक काचेला लागेल इतके जवळ. परवा असेच उभे होते. बऱ्याच वेळानं मला हाक मारली.

"जावईबापू, इकडं या जरा. इथं, खांद्यापाशी बघा. जरा हललाय का हो फोटो?"

मी जवळ गेलो. चष्मा पुसला, पुन्हा लावला. ठिपका होता, तांबडा, स्वच्छ, कडा रेखीव. त्याला खांदे कुठले असणार.

"हललाय," मी म्हणालो.